समचलनातला ‘क’ कोण ठरवतो?

आजचा विषय शाळेतला आहे. आठवीच्या आसपास आपण सगळ्यांनी तो शिकलेला असतो, परीक्षेत सोडवलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. ‘समचलन’ हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं नाव. एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते, तिप्पट झाली की तिप्पट, निम्मी झाली की निम्मी. सूत्र लिहायचं तर य = क × क्ष. क्ष आणि य बदलतात, क बदलत नाही. त्या ‘क’ला स्थिरांक म्हणतात.

गिरणीत दळण टाकलं तर पाच किलोला जे पैसे लागतात त्याच्या दुप्पट दहा किलोला लागतात. हे समचलन. रिक्षाचं भाडं मात्र समचलन नाही. अंतर वाढलं की भाडं वाढतं हे खरं, पण मीटर शून्यापासून सुरू होत नाही. रिक्षात बसून एक वाव पुढे जाऊन उतरलात तरी किमान भाडं द्यावंच लागतं. तेव्हा ‘एक वाढलं की दुसरं वाढतं’ एवढ्यावर समचलन होत नाही. दोघांचा भागाकार प्रत्येक वेळी तोच यावा लागतो आणि एक शून्य असेल तेव्हा दुसरंही शून्य असावं लागतं.

गणित एवढंच आहे, पाच मिनिटांत संपतं. मग आम्ही तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसांनी यात लक्ष का घालावं? त्याचं कारण त्या ‘क’मध्ये आहे. वर्गात तो फळ्यावर आयता येतो. ‘समजा, क हा स्थिरांक आहे’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण हा क येतो कुठून? तो स्थिर आहे हे कोणी सांगितलं? आणि इतिहासात बघितलं तर आश्चर्य वाटेल, माणसांनी जवळजवळ दोन हजार वर्षं प्रमाणाचं गणित उत्तम केलं आणि ते या ‘क’ला न लिहिता केलं. आज ती गोष्ट बघू.

सुरुवात ग्रीकांपासून करू. युक्लिडचा ‘एलेमेंट्स’ हा ग्रंथ इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा. त्याच्या पाचव्या भागात प्रमाणाचा सिद्धांत आहे. तो मुळात युडॉक्सस या गणितज्ञाचा, असं परंपरा मानते. तिथे गुणोत्तराची व्याख्या करतानाच एक अट घातली आहे: गुणोत्तर असतं ते एकाच जातीच्या दोन राशींमध्ये. लांबीचं लांबीशी, काळाचं काळाशी, वजनाचं वजनाशी. लांबीला काळाने भागणं हा प्रकार त्यांच्या लेखी अर्थहीन होता. चार हातांत दोन हात किती वेळा बसतात हे विचारता येतं, पण चार हातांत दोन घटका किती वेळा बसतात, हे कसं विचारणार?

म्हणजे बघा, ‘ताशी साठ किलोमीटर’ हे आपण जे सहज बोलतो ते युक्लिडच्या चौकटीत बोलताच येत नाही. त्यांना म्हणावं लागे की या अंतराचं त्या अंतराशी जे नातं, तेच या काळाचं त्या काळाशी. चार राशी, दोन जोड्या, आणि प्रत्येक जोडी आपापल्या जातीची. यात य आहे, क्ष आहे, पण क नाही. क म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या राशींचा भागाकार, आणि नेमका तोच निषिद्ध.

ही अट म्हणजे मागासलेपणा होता असं समजू नका. त्यामागे एक काटेकोर प्रश्न होता: आपण कशाची तुलना कशाशी करतो आहोत? आणि प्रमाण कुठे मोडतं याचीही त्या लोकांना जाण होती. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’च्या सातव्या भागात एक सुंदर उदाहरण आहे. अनेक माणसं मिळून एक जहाज ओढतात आणि ते ठरावीक अंतर सरकतं. मग त्यातल्या एकाच माणसाने ओढलं तर ते त्या हिशोबाने थोडंसं तरी सरकेल का? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सरकेलच असं नाही, कदाचित जागचं हलणारच नाही. तिथेच त्याने झेनोच्या धान्याच्या कोड्यालाही उत्तर दिलं आहे. पोतंभर धान्य ओतलं तर आवाज होतो, म्हणून एका दाण्याचा त्या प्रमाणात आवाज झालाच पाहिजे असं नाही. संपूर्णाबद्दल जे खरं ते भागाबद्दल त्याच प्रमाणात खरं असेलच, हे गृहीत धरता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. इथली परंपरा वेगळ्या वाटेने गेली. ती वाट बाजारातून आणि ज्योतिषातून जाते. तिचं नाव त्रैराशिक. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराला ‘आर्यभटीय’ लिहिलं, त्याच्या गणितपादात हा नियम एका आर्येत सांगितलेला आहे. तीन राशी दिलेल्या असतात: प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, की इच्छाफल मिळालं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त बजावलं की पहिली आणि शेवटची राशी, म्हणजे प्रमाण आणि इच्छा, एकाच जातीची हवी. ग्रीकांचीच काळजी, पण वेगळ्या तऱ्हेने घेतलेली.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं उदाहरण घेऊ. ग्रंथ ११५० सालचा. ३/७ निष्काला अडीच पळं केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती मिळेल? नियमाप्रमाणे अडीचला नवाने गुणा, साडेबावीस आले. त्यांना ३/७ ने भागा, साडेबावन्न पळं. उत्तर बरोबर.

पण मधल्या पायरीवर जरा थांबू. अडीच पळं केशर गुणिले नऊ निष्क म्हणजे साडेबावीस, पण साडेबावीस काय? केशर? पैसे? कोणत्याही ग्रीकाने तिथे हात वर केले असते. आपल्या गणकांनी त्याची फिकीर केली नाही. संख्या गुणायची, भागायची आणि शेवटी एकक आपोआप नीट येतं, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे इथलं गणित वेगवान झालं. ते अरबी जगात पोचलं. अल्-बीरूनीने हिंदूंच्या ‘राशिकां’वर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या शाळांत हाच नियम ‘तिनाचा नियम’ म्हणून मुलांनी घोकला.

तरीही इथे क कुठे आहे? एका निष्काला किती केशर, हा खरा क. तो काढला तर ५ पूर्णांक ५/६ पळं येतो. भास्कराचार्य या उदाहरणात तो काढत नाहीत, कारण गरज नाही. त्रैराशिक क ला वळसा घालून थेट उत्तराला पोचतं. शाळेत आपण ‘एकमान पद्धत’ शिकलो, आधी एकाची किंमत काढा आणि मग हव्या तेवढ्यांची, ती पद्धत या लपलेल्या क ला उजेडात आणते. म्हणून ती लांबची असली तरी आम्हांला ती जास्त प्रामाणिक वाटते.

लपलेल्या गोष्टीचा धोका काय असतो, तेही लीलावतीतच दिसतं. भास्कराचार्य सावध आहेत. ते सांगतात की इच्छा वाढली की फल कमी होतं अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक वापरा, आणि अशी ठिकाणं कोणती याची यादीही देतात: वयानुसार जिवांची किंमत, सोन्याचा कस, धान्याच्या राशीची मापं. म्हणजे नियम आंधळेपणाने लावू नका, आधी नातं तपासा, असा स्पष्ट इशारा. आणि पाठोपाठ पहिलं उदाहरण येतं: सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५. त्याच्याच शेजारी दोन वर्षं जुंपलेला बैल ४ निष्कांना, तर सहा वर्षं जुंपलेला कितीला, असं गणित आहे.

बाराव्या शतकात माणसांची खरेदी-विक्री होत होती, आणि पाठ्यपुस्तकात बाजार जसा असतो तसा येतो. त्या काळाला आजच्या कोर्टात उभं करून आपल्याला काही मिळणार नाही. पण गणिताकडे नीट बघू. इथे वय गुणिले किंमत हा गुणाकार स्थिर धरला आहे, १६ गुणिले ३२, म्हणजे ५१२. मग त्याच नियमाने एक वर्षाच्या मुलीची किंमत ५१२ निष्क येते! कोणत्याही बाजारात असं झालं नसेल. अ‍ॅरिस्टॉटलचं जहाज आठवा. सोळा आणि वीस या दोन आकड्यांपुरतं जे चालून गेलं, ते टोकाला नेलं की कोसळतं. हा ५१२ निसर्गातून आलेला नाही. तो विकणारा आणि विकत घेणारा यांनी ठरवलेला आहे. जिची किंमत ठरते आहे, तिला मात्र या गणितात बोलायला जागाच नाही.

भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेला आणखी एक पुरावा आपल्या महाराष्ट्रात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं, अशी ही हकीकत. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाचे तपशील जुन्या मराठीत आहेत. साहजिकच, कारण ते गावातल्या लोकांना कळायला हवेत. त्यात एक तरतूद अशी की जितके घाणे चालतील, तितक्यांमागे एकेक पळी तेल मठाला द्यायचं.

बघा, काय आहे हे? मराठीतलं समचलन, आणि तेही दगडावर कोरलेलं. क्ष म्हणजे चालते घाणे, य म्हणजे तेलाच्या पळ्या, क म्हणजे एक. लीलावतीत जो क लपला होता तो इथे उघड लिहिला आहे, कारण देणाऱ्याला तो माहीत असणं भाग होतं.

आणि आणखी एक गोष्ट बघा. इथे तेल घाण्यांच्या संख्येशी बांधलं आहे, निघालेल्या तेलाशी नाही. ज्याचा घाणा दिवसभर फिरतो त्याची एक पळी, आणि ज्याच्याकडे तीळच थोडे आले त्याचीही एकच पळी. पळी लहान आहे, मठ विद्येचा आहे, कोणाची तक्रार नसेलही. पण प्रश्न नोंदवून ठेवू: क किती, हे ठरवण्याआधी क्ष कोणता, हे कोणीतरी ठरवतो. ते ठरवणं बीजगणितात येत नाही.

आता क कागदावर कसा आला, ते बघायला सतराव्या शतकातल्या युरोपात जाऊ. गॅलिलिओने १६०४ साली व्हेनिसच्या पाओलो सार्पीला एक पत्र लिहिलं. पडणारी वस्तू जितकं अंतर पडते तितका तिचा वेग वाढतो, म्हणजे वेग अंतराच्या समचलनात आहे, असं त्याने त्यात मांडलं. ऐकायला किती सहज वाटतं! जास्त उंचीवरून पडलेला दगड जास्त जोराने आदळतो, हे तर आपण रोज बघतो. पण ते चूक आहे. वेग अंतराच्या समचलनात असेल, तर अंतर शून्य असताना वेगही शून्य. वेग शून्य, म्हणून अंतर वाढत नाही. अंतर वाढत नाही, म्हणून वेग वाढत नाही. दगड हातातून सुटल्यावर तिथेच लटकत राहील! सूत्र निर्दोष, पण क्ष चुकीचा निवडलेला. वेग वाढतो तो अंतराच्या नव्हे, काळाच्या समचलनात, हे गॅलिलिओला नंतर उमगलं. १६३८ च्या ‘दोन नव्या विज्ञानां’च्या ग्रंथात त्याने तसं मांडलं, आणि आपणही काही काळ त्या चुकीच्या समजुतीत होतो, हे आपल्याच पात्राच्या तोंडून सांगितलं. तेव्हा तो नजरकैदेत होता आणि दृष्टी गेलेली होती.

त्याच ग्रंथात एकसमान गतीचं एक प्रकरण आहे. अंतर म्हणजे वेग गुणिले काळ, हे आपलं एका ओळीचं सूत्र. गॅलिलिओला त्यासाठी चार गृहीतकं आणि सहा प्रमेयं लागली. का? कारण तो अजून युक्लिडची अट पाळत होता, अंतराला काळाने भागत नव्हता.

ती अट हळूहळू सैल झाली. देकार्तने १६३७ च्या ‘भूमिती’त एक लांबी ‘एक’ म्हणून निवडली आणि दाखवलं की मग रेषा गुणिले रेषा हीही एक रेषाच मानता येते. राशींच्या जातींमधल्या भिंतीला तिथे पहिलं भगदाड पडलं. पण सवय लगेच सुटत नाही. न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गुरुत्वाकर्षण सगळं प्रमाणांच्या भाषेत आहे; आज शाळेत शिकवतात तो गुरुत्वीय स्थिरांक त्यात कुठेही लिहिलेला नाही. एक नियम विश्वाला लागू झाला आणि त्यातला क मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सूत्रात स्वतंत्रपणे आला नाही.

क ला चेहरा मिळाला तो वस्तूंमुळे. रॉबर्ट हुकने १६७८ साली स्प्रिंगचा नियम उघड केला, जेवढा ताण तेवढं बल. पण प्रत्येक स्प्रिंगचा क वेगळा. नरम स्प्रिंगचा लहान, कडक स्प्रिंगचा मोठा. म्हणजे क हा त्या वस्तूचा स्वभाव झाला. आणि हुकच्या नियमाला सीमाही आहे. स्प्रिंग प्रमाणाबाहेर ओढली तर ती पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. निसर्गातला क सुद्धा एका पट्ट्यापुरताच स्थिर असतो, आणि तो पट्टा किती, हे मोजून बघावं लागतं.

निसर्गातला क मोजता येतो, चुकला तर प्रयोग ते सांगतो. पण माणसाने ठरवलेला क चुकला तर कोण सांगतं? त्यासाठी पुन्हा महाराष्ट्रात येऊ, एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनमध्ये.

मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली. काम निष्काळजीपणाचं नव्हतं. शेताचं क्षेत्रफळ मोजलं, मातीचा प्रकार आणि खोली बघून आण्यांमध्ये प्रत ठरवली आणि त्यावरून एकरी दर बसवला. हा दर ३० वर्षं बदलणार नाही, अशी हमी दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर सारा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या समचलनात, आणि क ३० वर्षं स्थिर. आधीच्या अनागोंदीपेक्षा हे चांगलं, असं अनेकांना वाटलं, आणि त्यात तथ्य होतं. आपल्याला किती द्यायचं आहे हे शेतकऱ्याला आधी कळत होतं.

पण क्ष कोणता निवडला? जमीन. पीक नव्हे. पाटणच्या घाण्यासारखंच, फक्त इथे पळीच्या जागी रोख रुपये होते. पाऊस पडला काय, न पडला काय, जमिनीचे एकर तेवढेच, म्हणून सारा तेवढाच. सूट मिळाली तर अपवाद म्हणून. आणि अवर्षणाच्या त्या पट्ट्यात वाईट वर्ष हा अपवाद नव्हता. वाईट वर्षी साऱ्याचे रुपये आणायचे कुठून? सावकाराकडून.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पासून, ३० वर्षांची मुदत संपली तशी, फेरआकारणी सुरू झाली आणि दर बरेच वाढले. तेजीची हवा अजून डोळ्यांसमोर होती. पुढे भाव उतरले, वाढलेला सारा राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी हिशोबाच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. याचं कारण एकच नव्हतं. सावकारी, न्यायालयं, भावातली घसरण, सगळ्यांचा त्यात वाटा होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पण साऱ्यातला एक दोष आपल्याला आजच्या विषयातून दिसतो. सरकारच्या कागदावर क्ष होता एकर, आणि शेतकऱ्याच्या घरात क्ष होता पाऊस. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर होते. त्यांच्यातली फट शेतकऱ्याने कर्जाने भरली.

युक्लिडच्या अटीकडे आता परत बघितलं तर ती अगदीच हट्टी वाटत नाही. वेगळ्या जातींच्या राशी एकमेकींशी बांधू नका, असं तो म्हणत होता. आपण त्या बांधल्या आणि विज्ञान उभं राहिलं, ते बरंच झालं. पण बांधताना एक जबाबदारी आली, ती शाळेत कोणी सांगत नाही.

म्हणून नातवंडाला समचलनाचं गणित शिकवायला बसाल तेव्हा तिरकस गुणाकार करण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायला लावा. एक, या दोन राशी खरोखर बरोबरीने बदलतात का, की फक्त दोघी वाढतात? दोन, कुठपर्यंत? जहाज एका माणसाने हलेल का, स्प्रिंग कुठे तुटेल? आणि तीन, हा क निसर्गाने दिलेला आहे की कोणी ठरवलेला? ठरवलेला असेल, तर कोणी ठरवला आणि वर्ष वाईट गेलं तर तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गणित आणि विज्ञान मिळून देतात. तिसऱ्याचं उत्तर कोणत्याच सूत्रात नाही, ते आपल्यालाच द्यावं लागतं. पगार, भाडं, वीजबिल, पीकविमा, सगळीकडे कुठेतरी एक क बसलेला आहे. तो कुठे आहे हे ओळखता आलं, तर आठवीतला तो धडा वाया गेला नाही असं आम्ही म्हणू.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.